मैदान, रंगमंच आणि महापालिका : शहराचे कला-क्रीडा धोरण म्हणजे नेमके काय?

2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरने आठवड्याभरात दोन टोकांचे दिवस पाहिले. 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. 8 ऑगस्टच्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडली ती केशवरावांची जयंती. पदकासाठी बक्षीस जाहीर झाले, नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर झाला, आणि दोन्हीही आवश्यकच होते. तरीही ही दोन्ही पावले घटना घडून गेल्यानंतरची आहेत. जिथे पदकही मिळालेले नाही आणि आगही लागलेली नाही अशा साध्या वर्षात शहर आपल्या खेळाडूंसाठी आणि कलावंतांसाठी काय करते, याचे लेखी उत्तर म्हणजे शहराचे कला-क्रीडा धोरण. बहुतेक शहरांकडे असे उत्तर नाही. ते कसे असावे, हे या लेखात कोल्हापूरच्या आधाराने पाहू.

## धोरण कशाला म्हणायचे?

महोत्सव भरवणे, पुतळा उभारणे, क्रीडासंकुलाची कोनशिला बसवणे ही कामे आहेत. धोरण म्हणजे ही कामे कोणासाठी, कोणत्या क्रमाने, कोणत्या पैशातून करायची, त्यांची जबाबदारी कोणाची आणि ती झाली की नाही हे कसे तपासायचे, याबद्दल शहराने स्वतःला लेखी बांधून घेणे. धोरण नसले तरी पैसा खर्च होतच असतो. फक्त जो आधी मागतो, मोठ्याने मागतो किंवा ज्याची ओळख असते, त्याच्याकडे तो आधी जातो.

राज्य पातळीवर अशी धोरणे आहेत. महाराष्ट्राचे पहिले सांस्कृतिक धोरण 2010 मध्ये आले आणि सुधारित धोरण 2024 मध्ये मंजूर झाले. क्रीडा धोरणही आहे. मात्र राज्याचे धोरण कितीही चांगले असले, तरी शिवाजी पेठेतल्या मैदानाचे पाणी कोणी काढायचे किंवा हौशी नाट्यसंस्थेला तालमीसाठी खोली कोणी द्यायची, हे त्यात लिहिलेले नसते आणि लिहिता येणारही नाही. ते काम शहराचेच आहे.

## कायदा महापालिकेला काय सांगतो?

राज्यघटनेनुसार नाट्यगृहे, करमणूक आणि क्रीडा हे विषय राज्यसूचीत येतात. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली आणि शहरांकडे सोपवता येतील असे 18 विषय तिच्यात आले. त्यांत उद्याने व क्रीडांगणे आहेत, तसेच सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणेही आहे. पण यांपैकी काय आणि किती सोपवायचे, हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडेच राहिला.

महाराष्ट्रातील महापालिका 1949 च्या अधिनियमाने चालतात. मुंबईचा कायदा वेगळा आहे. या अधिनियमात महापालिकेच्या कामांचे दोन गट आहेत. कलम 63 मधील कामे बंधनकारक आहेत, म्हणजे पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवे यांसारखी. कलम 66 मधील कामे ऐच्छिक आहेत, म्हणजे ती करता येतात, पण केलीच पाहिजेत असे नाही. कला आणि खेळ यांच्याशी निगडित बहुतेक कामे या दुसऱ्या गटात पडतात. पैशाची चणचण भासली की पहिली कात्री कुठे लागते, याचे कारण इथे आहे. म्हणूनच लेखी धोरणाचे मोल मोठे आहे: कायदा ज्याची सक्ती करत नाही, ते करण्याचे वचन शहर महासभेच्या ठरावाने स्वतः देऊ शकते.

## शाहू महाराजांनी इमारतींच्या पलीकडे काय उभारले?

कोल्हापूरचा विषय निघाला की खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर यांचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. 1912 मध्ये कुस्तीचे मैदान झाले आणि 1915 मध्ये त्याला लागूनच नाट्यगृह उभे राहिले. हेच नाट्यगृह पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आखाडा आणि रंगमंच एकमेकांना पाठ लावून उभे करणारा राजा कला आणि खेळ यांचा एकत्र विचार करत होता, हे या जागेवरूनच दिसते.

परंतु माझ्या मते राजर्षींचे खरे धोरण त्या दोन वास्तूंच्या बाहेर होते. पैलवानांच्या खुराकाची सोय होती, पेठांमधल्या तालमींना आधार होता, अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई दरबारात होता, आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला आश्रय होता. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या हातांना याच शहरात काम मिळत होते आणि त्यांतूनच बाबूराव पेंटर यांच्यासारखा चित्रपटकर्ता घडला. खासबागेत हजारो लोक जमत, कारण वर्षभर तालमींत माती उकरली जात होती. मैदान हे त्या साखळीचे शेवटचे टोक होते. आज आपण नेमके ते टोक जपतो आणि साखळीकडे आपले लक्ष नसते.

संस्थाने गेली, राजाश्रय गेला, आणि तो जावा हेही योग्यच होते, कारण एका माणसाच्या मर्जीवर कला चालू नये. पण त्याच्या जागी लोकांच्या पैशातून चालणारी, नियमांनी बांधलेली व्यवस्था यायला हवी होती, ती पुरती आली नाही. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही गोष्ट आपण मोठेपणाची म्हणून सांगतो. त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण एका शिक्षकावर घर गहाण ठेवण्याची वेळ येते, याचाच अर्थ व्यवस्था जागेवर नव्हती. कुसाळे यांची घडणही राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, नाशिकला आणि पुण्यात, म्हणजे घरापासून दूर झाली.

## बांधकामाचा पैसा आणि चालवण्याचा पैसा

महापालिकेच्या अंदाजपत्रकात खर्चाचे दोन प्रकार असतात. इमारत, गॅलरी, आसनव्यवस्था असे एकदाच करायचे काम म्हणजे भांडवली खर्च. पगार, वीज, देखभाल, प्रशिक्षकाचे मानधन असा दरवर्षी येणारा खर्च म्हणजे महसुली खर्च. म्हैस विकत घ्यायला कर्ज मिळते, जिल्हा योजनेतून अनुदानही मिळते. तिची वैरण आणि पेंड मात्र रोज खिशातून घालावी लागते, आणि ती चुकली तर दूध आटते. शहरांच्या कला-क्रीडा खर्चात वारंवार हेच घडते. भांडवली निधी वरून येतो, त्याचे उद्घाटन होते, फलक लागतो. महसुली खर्चाला वरून कोणी पैसे देत नाही आणि त्याचे उद्घाटनही करता येत नाही.

नाट्यगृहाच्या बाबतीत हा खर्च कशावर होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. रंगमंचावर जुने मखमली पडदे, लाकडी विंगा, वरच्या आडव्या बारांवर टांगलेले दिवे, तळाशी वर्षानुवर्षे जोडत नेलेल्या वायरी आणि मागे कोणीतरी ठेवून दिलेले नेपथ्याचे सामान असते. यातली प्रत्येक वस्तू जळाऊ आहे. वीजजोडणीची तपासणी, अग्निरोधक पडदे, पाण्याच्या टाकीची आणि पंपाची दर महिन्याला चाचणी, रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस हे सगळे महसुली खर्चात मोडते. कोल्हापूरच्या नाट्यगृहाचे आगीच्या आधीच्या दशकात नूतनीकरण झाले होते. एकदा नूतनीकरण होणे आणि रोज काळजी घेतली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवी वास्तू उभी राहतानाही हा फरक तसाच राहणार आहे.

म्हणून शहराच्या धोरणाचा पहिला नियम असा असावा: कोणत्याही नव्या सांस्कृतिक किंवा क्रीडा वास्तूला मंजुरी देताना तिच्या पुढील दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाचा हिशेब आणि त्या पैशाचा स्रोत प्रस्तावातच जोडलेला असला पाहिजे. तो जोडलेला नसेल तर प्रस्ताव परत जावा.

अंदाजपत्रक वाचताना नागरिकांनी एक सवय लावून घ्यावी. त्यात एकाच कामासमोर मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि मागील वर्षांचा प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. वर्तमानपत्रात बातमी येते ती पहिल्या रकान्याची. कला आणि क्रीडा या लेखाशीर्षांखाली वर्षाच्या सुरुवातीला ठेवलेली रक्कम वर्षअखेरीस दुसऱ्या कामाकडे वळवली जाऊ शकते. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. त्यामुळे खरी कहाणी प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात असते.

## नकाशावरचे मैदान खऱ्या जमिनीवर का दिसत नाही?

शहराच्या विकास योजनेत, म्हणजे पुढील वीसेक वर्षांसाठी जमिनीचा वापर ठरवणाऱ्या नकाशात, काही भूखंडांवर क्रीडांगणाचे, वाचनालयाचे, नाट्यगृहाचे आरक्षण टाकलेले असते. आरक्षण पडले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नाही; ती मालकाचीच राहते, फक्त तिचा दुसरा वापर थांबतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 127 नुसार, योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. कायदा मालकाच्या बाजूनेही न्याय्य आहे, कारण कोणाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवता येत नाही. पण पैसे नाहीत म्हणून संपादन लांबते, नोटीस येते, मुदत सरते आणि पेठेतल्या मुलांचे मैदान कोणताही गाजावाजा न होता नाहीसे होते.

आहे त्या मैदानाचे काय होते, हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका मैदानावर सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन तास खेळता येते आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 1800 तास होतात. पावसाळ्यात पाण्याचा निचरा नसल्याने 100 दिवस चिखलात गेले, तर उरतात 1200. सभा, प्रदर्शन आणि लग्नसमारंभांसाठी 40 दिवस मैदान दिले, तर 960. मांडवाचे खांब काढल्यावर राहिलेले खड्डे, खिळे आणि खडी साफ होईपर्यंत आणखी 20 दिवस गेले, तर 840. मैदान कागदावर पूर्ण आहे, वापरात निम्म्याहून कमी. कोल्हापूरच्या गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचण्याची तक्रार जुनी आहे. अशा ठिकाणी चर आणि उताराचे काम केले तर नवे मैदान विकत न घेता कित्येक तास परत मिळतात. या उरलेल्या तासांतही मुलींच्या वाट्याला किती येतात, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण वेळ ठरवून दिली नाही तर आधी येऊन जागा धरणाराच खेळतो आणि तो बहुधा मुलगा असतो.

## कला आणि खेळ एकाच धोरणात का?

दोन्ही क्षेत्रांतील जाणकार हा आक्षेप घेतात. गाण्याची साधना आणि फुटबॉलचा सराव यांच्या गरजा वेगळ्या आहेत, एका कागदात कोंबून दोन्हीवर अन्याय होईल, असे त्यांचे म्हणणे असते. गरजा वेगळ्या आहेत हे खरे, पण ज्या गोष्टींची टंचाई आहे त्या मात्र सामायिक आहेत: शाळा सुटल्यानंतरचे मुलांचे दोन-तीन तास, शहरातली सार्वजनिक जागा आणि अंदाजपत्रकातला तोच छोटासा ऐच्छिक हिस्सा.

कोल्हापुरात तर लोकांनी ही फारकत कधी मानलीच नाही. इथली तालीम हे पेठेचे घर असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावे आज महाराष्ट्राला फुटबॉलच्या संघांमुळे माहीत आहेत. शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की पेठेच्या पेठ गॅलरीत बसलेली असते. तालमीचे तेच मंडळ गणपती बसवते आणि अडीनडीला धावूनही जाते. मर्दानी खेळांचेच उदाहरण घ्या. लाठी, दांडपट्टा, बोथाटी चालवणारा मुलगा हलगीच्या ठेक्यावर पावले टाकतो, शेजारी शाहीर पोवाडा गातो. याला अनुदान द्यायचे तर अर्ज क्रीडा विभागाकडे करायचा की सांस्कृतिक विभागाकडे? दोन्ही खिडक्या दुसरीकडे बोट दाखवतात तेव्हा खेळ शिकवणारा वस्ताद घरी परततो. एकाच धोरणाखाली एकच खिडकी असेल, तर हा हेलपाटा वाचतो.

माझा आग्रह असा आहे की शहराने नवी यंत्रणा उभारण्याआधी या तालमी, नाट्यसंस्था आणि 1883 मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या जुन्या संस्था यांच्याशी तीन वर्षांचे लेखी करार करावेत. महापालिकेने वीज, पाणी, दुरुस्ती आणि प्रशिक्षकाच्या मानधनाचा काही भाग द्यावा. संस्थेने त्या बदल्यात आठवड्यातील ठरावीक तास परिसरातील सर्व मुलामुलींसाठी, सभासदत्वाची, पेठेची किंवा जातीची अट न घालता, खुले ठेवावेत. तीन वर्षे यासाठी की एका वर्षात मूल तयार होत नाही आणि दरवर्षी अर्ज करावा लागला तर संस्थेचा निम्मा वेळ कार्यालयात जातो.

हौशी नाट्यसंस्थांची गरज तर आणखी साधी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला मोठे नाट्यगृह एका प्रयोगापुरते लागते. तालमीसाठी मात्र दोन-तीन महिने रोज संध्याकाळी एक मोकळी, उजेडाची, पंखा असलेली खोली लागते. महापालिकेच्या शाळांचे वर्ग आणि हॉल संध्याकाळी कुलूपबंद असतात. चावी कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि काही मोडले तर जबाबदार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानात लिहिली, तर नव्या इमारतीशिवाय शहरभर तालीमघरे तयार होतात.

## यश मोजायचे कशावर?

सध्या किती वास्तू बांधल्या आणि किती निधी आला, यावर यश मोजले जाते. त्याऐवजी वापर मोजावा: मैदानाचे प्रत्यक्ष खेळाचे तास, त्यांतील मुलींचा वाटा, नाट्यगृहाच्या एकूण सत्रांपैकी नाटक, संगीत आणि नृत्य यांना मिळालेली सत्रे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकण्याची सोय असलेल्या मुलांची संख्या. पदके मोजू नयेत असे नाही, पण पदक हे पंधरा वर्षांपूर्वीच्या निर्णयांचे फळ असते आणि चालू वर्षाच्या कारभाराबद्दल ते फारसे काही सांगत नाही.

आइसलँडच्या राजधानीत, रेकयाविकमध्ये, शाळकरी वयाच्या प्रत्येक मुलामागे नगरपालिका दरवर्षी ठरावीक रक्कम ठेवते आणि ती फुटबॉल शिकण्यासाठी वापरायची की व्हायोलिन, हे मूल आणि पालक ठरवतात. कोल्हापूरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात होती, रेकयाविकच्या कित्येक पट. उत्पन्नाची तुलनाही होऊ शकत नाही, त्यामुळे योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण कला आणि खेळ एका खात्यात ठेवून निवड मुलावर सोपवण्याची कल्पना पालिकेच्या शाळांतील मुलांपासून, थोड्या रकमेने, सुरू करता येण्यासारखी आहे.

## "आधी पाणी आणि रस्ते द्या, मग नाटक"

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. खड्ड्यात पडून हात मोडलेल्या माणसाला नाट्यमहोत्सवाचे कौतुक सांगता येत नाही. मात्र इथे सुचवलेल्या गोष्टींतील बऱ्याचशा नव्या खर्चाच्या नाहीतच. शाळेचे हॉल उघडणे, मैदानाचे वेळापत्रक लावणे, आरक्षणांच्या मुदतींची यादी ठेवणे यांना रस्त्याच्या निधीतला एक रुपयाही लागत नाही. शिवाय श्रीमंताचे मूल खासगी टर्फवर तासाचे भाडे भरून खेळते आणि खासगी वर्गात गाणे शिकते. सार्वजनिक सोय नसली तर वगळले जाते ते गरिबाचे मूल. रस्ता जसा सर्वांचा, तसे मैदानही सर्वांचे, म्हणून ते सार्वजनिक पैशातूनच राखावे लागते.

## "पैसे दिले की वशिलेबाजी होणार आणि कलेवर सत्तेचा ताबा येणार"

ही भीती निराधार नाही. त्यावर जगभरात रुळलेला उपाय असा की पैसा शासनाने द्यावा, पण तो कोणाला द्यायचा हे तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने ठरवावे. 1946 मध्ये स्थापन झालेले ब्रिटनचे कला मंडळ याच तत्त्वावर उभे राहिले. शहराच्या पातळीवर अशा समितीत कलावंत, प्रशिक्षक, महिला खेळाडू, शिक्षक असावेत, त्यांची मुदत ठरलेली असावी, स्वतःच्या संस्थेचा अर्ज असेल तेव्हा सभासदाने बैठकीतून बाहेर जावे, आणि मंजूर तसेच नामंजूर अर्जांची कारणे जाहीर व्हावीत. नगरसेवकांनी निकष ठरवावेत आणि एकूण रक्कम ठरवावी. नावे ठरवू नयेत. 2020 नंतर काही वर्षे कोल्हापूर महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. लोकनियुक्त सभागृह असो वा नसो, नियम लेखी आणि जाहीर असतील तर ते दोन्ही काळांत लागू राहतात.

## "खासगी कंपनीला चालवायला का देऊ नये?"

देता येते, पण करारात काय लिहिले आहे त्यावर सगळे अवलंबून आहे. ठेकेदाराला उत्पन्न हवे असते आणि नाट्यगृहाला सर्वाधिक भाडे देतात ते संमेलने, स्नेहमेळावे आणि कंपन्यांचे कार्यक्रम. शनिवार-रविवारची सत्रे त्यांच्याकडे गेली की नाटकाला मंगळवारची दुपार उरते. मैदानाचेही तसेच, तिथे सकाळच्या सरावापेक्षा मांडवाचे भाडे जास्त. म्हणून खासगी व्यवस्थापन नेमायचे असेल, तर कला आणि खेळ यांच्यासाठी राखीव सत्रे, हौशी संस्थांसाठी भाड्याची कमाल मर्यादा आणि अग्निसुरक्षेच्या मासिक चाचणीची नोंद या अटी करारातच असाव्यात, आणि त्या मोडल्या तर करार रद्द करण्याचे कलमही असावे.

## सुरुवात कुठून?

महापालिकांचे अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मांडले जाते, त्यामुळे त्याआधीचे हिवाळ्याचे दिवस कामाचे आहेत. तेवढ्या काळात एक नोंदवही तयार होऊ शकते: शहरातील प्रत्येक सार्वजनिक मैदान, तालीम, नाट्यगृह, वाचनालय आणि शाळेचा हॉल, त्याची मालकी कोणाची, ते कोणत्या विभागाकडे आहे, आठवड्यात किती तास उघडे असते आणि किल्ली कोणाकडे असते. सोबत क्रीडांगणे आणि सांस्कृतिक वास्तूंसाठी असलेल्या आरक्षणांची यादी, प्रत्येकाची दहा वर्षे कधी संपतात त्या तारखेसह. ही नोंदवही महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावायची, नागरिकांना चुका दाखवायला एक महिना द्यायचा आणि दुरुस्त झालेली प्रत अंदाजपत्रकासोबत सभागृहापुढे ठेवायची.